नखातला सरस

छोटीच्या गोळ्या खालाने कचऱ्यात टाकल्या होत्या. आणि ते तिने सांगितलं कसं, तर चहात साखर किती घालू असं विचारावं, तितक्या सहज.

"टाकल्या म्हणजे?" आपाने विचारलं. तिच्या हातात बशा होत्या.

"टाकल्या म्हणजे टाकल्या. सकाळीच. कचऱ्याची गाडी येऊन गेलीसुद्धा." खाला ट्रेमधल्या कपांचे कान एका बाजूला वळवत होती. "त्या गोळ्या कशापासून बनवतात, माहीत आहे तुला? जिलेटीनचं कवच असतं वरून. हाडांचं. कुठल्या जनावराची हाडं, कोणी कापलं, कसं कापलं, कोणाला ठाऊक? मी छोटीला एवढंच म्हटलं, बेटा, असलं पोटात गेल्यावर नमाज कबूल होईल का, तूच विचार कर."

"हे तू छोटीला सांगितलंस?"

"मग काय लपवून ठेवू? दीनची, धर्माची गोष्ट आहे."

आपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या साध्या पांढऱ्या गोळ्या होत्या. कवच नाही, काही नाही, खडूच्या तुकड्यासारख्या. डॉक्टरीणबाईंकडून आणल्या तेव्हा आपाने स्वतः एक मोडून छोटीला आतून दाखवली होती, कारण छोटी हे विचारणार हे तिला ठाऊक होतं. पहिली गोळी घेताना छोटीचे ओठ थरथरत होते, तरी तिने घेतली. मग दुसऱ्या दिवशीची घेतली, तिसऱ्या दिवशीची घेतली. एवढ्या मिनतवारीने उभी केलेली भिंत, आणि या बाईने चहाच्या आधी येऊन लाथ मारून पाडली.

"खाला, त्या कॅप्सूल नव्हत्या."

"असतील नसतील. शंका आली ना? शंका आली की सोडून द्यावं."

शंका! या घरात शंकेची कमी होती म्हणून खालाने बाहेरून आणून घातली.

आतून बाथरूममधून गुळण्यांचा आवाज येत होता. सकाळपासून अधूनमधून येत होता. आपाला वाटलं होतं, आज मुलाकडचे येणार म्हणून छोटीची घालमेल होतेय. आता उलगडा झाला. पोरगी पोटात गेलेली गोळी तोंडातून धुऊन काढत होती.

आता हे घर म्हणजे खाली बाइंडिंगचा कारखाना आणि वर बिऱ्हाड. अब्बा गेल्यापासून कारखाना आपा चालवायची. नवरा वारल्यावर ती माहेरी आली ती मागच्या खोलीत रडत बसली नाही, सरळ खाली जाऊन कटिंग मशीनपाशी उभी राहिली. पुस्तकांचे फर्मे शिवायला मात्र छोटीच लागायची. तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. सुई आत कधी गेली आणि बाहेर कधी आली कळायचं नाही, आणि पुस्तक उघडलं की पान न् पान सपाट पडायचं. अब्बा म्हणायचे, हिच्या शिवणीला सरस नसता लावला तरी चाललं असतं.

पण सरस लावावा लागतो. आणि छोटीचं सगळं दुखणं त्या सरसापासून सुरू झालं. नमाजआधी हातपाय धुताना, म्हणजे वुजू करताना, कातडीवर असं काही चिकटलेलं नको, की ज्याच्याखाली पाणी पोचणार नाही. हा साधा नियम. घरात सगळ्यांना पाठ. बाइंडरच्या घरात सरस असायचाच, म्हणून सगळे जरा घासून धुवायचे आणि नमाजला उभे राहायचे. छोटीचं तसं राहिलं नाही. आधी नखं, मग बोटांच्या बेचक्या, मग कोपर, मग घोटे. एकदा धुतलं तरी मन म्हणायचं, राहिलं. पुन्हा धुतलं तरी म्हणायचं, राहिलं. पुठ्ठ्याच्या कडा घासायचा पॉलिश पेपर तिने एकदा हातावर चालवला, तेव्हा आपा तिला उचलून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. कोणाला न सांगता.

आणि घरातले काय म्हणत होते? "माशाअल्ला, दादीवर गेलीय."

दादी! तिचं नावच पडलं होतं पाकबी. दादी वुजूला बसली की दार अर्धं उघडं ठेवायची आणि घरातली एक बाई दाराशी उभी करायची. तिने बघायचं आणि म्हणायचं, "झालं, दिसलं मला, पाक आहे." त्याला घरात 'साक्ष' म्हणत. साक्ष मिळाल्याशिवाय दादी पाटावरून उठत नसे. बायका लांबून यायच्या, तिच्या ओढणीला हात लावायच्या. आणि दाराशी उभी कोण? अम्मी. या घरात सून म्हणून आली त्या दिवसापासून. दादी गेली, दार तेच राहिलं, आणि आता आत छोटी आणि बाहेर पुन्हा अम्मी.

डॉक्टरीणबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या होत्या, "तुमची ही साक्ष आधी बंद करा. तुम्ही प्रेमाने देता, पण ते तिच्या आजाराचं खाद्य आहे. ती विचारेल, रडेल, चिडेल. तुम्ही 'झालं' म्हणायचं नाही. शंका असताना पुढे जायला तिला शिकायचंय. तिचा धर्म सोडवायचा नाही आपल्याला, फक्त हा त्रास सोडवायचाय." आपाने हे घरी सांगितलं तेव्हा खाला म्हणाली होती, "डॉक्टर लोकांना काय कळतं? हा शैतानाचा वसवसा आहे, तोच मनात शंका घालतो. जास्त इबादत केली की जातो."

जास्त! अजून जास्त म्हणजे किती जास्त?

"अजून इथेच?" भाई स्वयंपाकघरात आला. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, हळू आवाज. "पाहुण्या बाई बाहेर केव्हाच्या बसल्यात. छोटीला काढा बाहेर."

"खालाने तिची औषधं फेकून दिली," आपा म्हणाली.

"ते मग बघू."

"मग कधी? निकाह झाल्यावर?"

भाईने स्वयंपाकघराचं दार पुढे लोटलं. "आपा, हळू बोल. झाकली मूठ सव्वा लाखाची. स्थळ चांगलं आहे. मुलाच्या आईला दीनदार मुलगी हवी आहे. आपली दीनदार आहे. यात खोटं काय आहे? लग्न झालं, मूलबाळ झालं की आपोआप सुटतं हे."

"दादीला सहा मुलं झाली. सुटलं?"

"दादीला काही झालं नव्हतं!"

"तू औषधं विकतोस रे!" आपाचा आवाज चढला. "टाय लावून, बॅग घेऊन दिवसभर डॉक्टरांच्या दाराबाहेर ताटकळतोस. हीच गोळी त्यांनी लिहावी म्हणून त्यांना पेनं वाटतोस, डायऱ्या वाटतोस. जगाच्या बहिणींनी ही गोळी खावी आणि तुझ्या बहिणीने खाल्ली की तुझी अब्रू जाते?"

भाईचा चेहरा पडला. लागलं त्याला, आणि लागावं म्हणूनच ती बोलली होती. "बाहेर ऐकू जाईल," एवढंच तो म्हणाला आणि ट्रे उचलून निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ट्रे उचलला असेल.

खाला कंबरेवर हात ठेवून उभी होती. "तुला खरं दुखतंय काय ते मी सांगू? तू स्वतः कधी नमाज पढतेस, कधी सोडतेस. छोटी पढते ते तुला खुपतं."

"खुपतं ना. तिचे हात बघितलेस तू? भेगांतून रक्त येतं. ते नाही तुला खुपत?"

"अल्लाहच्या वाटेवर त्रास होतोच."

"ही वाट अल्लाहची नाही, बाथरूमची आहे," आपा म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत गेली.

मुलाची आई खुर्चीच्या कडेला बसली होती. शाळेत मुख्याध्यापिका होती म्हणे, आणि बसणंही तसंच, ताठ. समोर अम्मी, मान खाली. मधल्या भिंतीपलीकडे नळ. खळ्ळ करून सुटायचा, थांबायचा, पुन्हा सुटायचा. गुळण्या संपून आता वुजू सुरू झाला होता. कोणी त्या आवाजाबद्दल बोलत नव्हतं आणि सगळे तोच ऐकत होते.

"वुजू करतेय," खाला मागून येत हसून म्हणाली. "असरच्या नमाजापासून तयारी चाललीय संध्याकाळच्या मगरीबची. आमच्या छोटीचं असंच आहे, बाजी. पाकीच्या बाबतीत तडजोड नाही. तिची दादी अशीच होती."

"माशाअल्ला," मुलाची आई म्हणाली. "हल्लीच्या मुलींत कुठे बघायला मिळतं हे? आमच्या घरात अशीच मुलगी यायला हवी."

"घरकामातही तशीच," भाईने भर घातली. "एक डाग राहू देत नाही."

नळ पुन्हा सुटला. आणि त्या पाण्याच्या आवाजातून छोटीचा आवाज आला, बारीक, रडवेला. "अम्मी... ये ना."

अम्मी उठायला लागली. गुडघ्यावर हात ठेवून, सवयीने. ते उठणं आपाने जन्मभर बघितलं होतं. एरवी ती गप्प बसली असती, अम्मीसाठी, पाहुण्यांसाठी, लोक काय म्हणतील त्यासाठी. पण समोर ती बाई समाधानाने मान डोलवत होती आणि आपाला दिसत होतं की पुढचं दार कुठलं असेल. नवं घर, नवी मोरी, आणि दाराशी उभं राहायला अम्मीसुद्धा नसेल. आत छोटी एकटी.

"बाजी, ती आजारी आहे," आपा म्हणाली.

"आपा!" भाई ओरडला.

"तिला वसवशाचा आजार आहे. डॉक्टरांनी बघितलंय. दुपारपासून ती आत आहे ती इबादत म्हणून नाही, तिला बाहेर येता येत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात ना, अशीच मुलगी हवी? हात बघा आधी तिचे."

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. तिने आपाकडे बघितलं, खालाकडे बघितलं, मग बराच वेळ भिंतीकडे. "आम्हाला तर सांगितलं होतं की मुलगी परहेजगार आहे, धर्माला धरून चालणारी."

"परहेजगार आहेच. आजारीही आहे. माणूस दोन्ही असू शकतं."

"औषध घेते?"

"घेत होती. आज सकाळपर्यंत."

खालाने ओढणी डोक्यावर घट्ट ओढून घेतली. "बाजी, हिचं ऐकू नका. हिचं स्वतःचं घर टिकलं नाही, म्हणून—"

"माझं घर टिकलं नाही कारण माझा नवरा मेला, खाला!"

मुलाची आई उठली, पर्स खांद्याला लावली. दारापाशी येऊन ती आपाला म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. बरी झाली की कळवा, असं मी म्हणत नाही. ते खोटं होईल. पण औषध सोडू नका." आणि जिना उतरून गेली. बाई सरळ होती म्हणायची. निदान एक तरी.

"झालं समाधान?" भाईचा आवाज फाटला होता. "आता गावभर होईल. कोण येणार आहे या दारात? तू पोसणार आहेस तिला जन्मभर?"

"ती मला पोसते. खाली चालतंय ते तिच्या शिवणीवर चालतंय."

"स्वतःच्या बहिणीच्या पायावर धोंडा पाडलास तू!" खाला म्हणाली. "मला कुठे तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. मी शब्द टाकला होता."

"अम्मी!" आतून पुन्हा. "अम्मी, डावं कोपर भिजलं का बघ ना! अजान झाली! अम्मी!"

अजान झाली होती, भांडणात कोणी ऐकलीच नव्हती. अम्मी उठून मधल्या बोळात गेली. आपा मागोमाग धावली. "अम्मी, बोलू नकोस. तुझे पाय धरते. एकदा फक्त बोलू नकोस."

"दे गं साक्ष, वक्त निघून जाईल," खाला मागून म्हणाली. "एक शब्द बोलायला काय जातंय तुझं?"

अम्मी थांबली. अर्ध्या उघड्या दाराला तिचा हात लागला होता. वळून तिने खालाकडे, आपल्या सख्ख्या बहिणीकडे असं बघितलं, की आपा दोन पावलं मागे सरली.

"माझं काय जातंय?" अम्मी म्हणाली. "तू यायचीस पाहुणी म्हणून. पाकबीच्या हाताला हात लावून जायचीस. दाराशी मी उभी असायचे. हा भाई पाळण्यात तापाने फणफणला होता, रडून रडून निळा पडला होता, आणि ती बाई मला हलू देत नव्हती. 'नीट बघ, नीट बघून सांग.' मी सून म्हणून आले ती या घरात आलेच नाही. मोरीच्या दाराशीच राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. आणि लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, वलीची, संताची खिदमत करतेस. माझं काय जातंय, विचारतेस?"

अम्मीला इतकं सलग बोलताना आपाने कधी ऐकलं नव्हतं. भाई भिंतीला टेकला.

"अम्मी!" छोटी आतून किंचाळली. "बोल ना! भिजलं का?"

अम्मीने दारातून आत बघितलं. आणि म्हणाली, "मला नाही माहीत."

"काय?"

"मला माहीत नाही, बेटा. धुतलंस तू. बाहेर ये."

आत काहीतरी आपटलं, बहुतेक पाण्याचा तांब्या. मग दार भिंतीवर आदळलं आणि छोटी बाहेर आली. बाह्या खांद्यापर्यंत वर, कोपरांवरून पाणी ठिबकतंय, हात तांबडेलाल, बोटांच्या पेरांवर चिरा. चेहरा रडून सुजलेला. पण रडणं थांबलं होतं. ती चिडली होती.

"माहीत नाही म्हणजे काय? तू तिथेच उभी होतीस!" ती अम्मीवर ओरडली. मग खालावर. "आणि तू! पोटात काय गेलं ते सांगितलंस, आता ते बाहेर कसं काढू तेही सांग की!" मग आपाकडे वळली, आणि तिच्यावर तर सगळ्यांत जास्त. "तुला कोणी विचारलं होतं? माझे हात, माझं दुखणं, तू परक्या बाईला बसून सांगितलंस. मला विचारलंस? हे सगळे मला वली करून विकायला निघालेत, आणि तू पेशंट म्हणून मांडलंस. मी आत होते. बहिरी नव्हते!"

"नाही विचारलं," आपा म्हणाली. "चुकलं."

"चुकलं!" छोटी फणकारली. "गेली का ती बाई?"

"गेली."

"बरं झालं. तिच्यासमोर मी हात ओढणीत लपवून बसणार होते. बाहीला शिवून टाकावेत असं वाटत होतं."

भाई खाली बघत होता. बाहेर खिडकीतला उजेड उतरत चालला होता. छोटी बोळात उभी होती, मागे बाथरूम, पुढे खोलीत अंथरलेली जानमाज. तिची नजर नळाकडे गेली.

"मला शंका आहे," छोटी म्हणाली. "कोपराची."

"असू दे," आपा म्हणाली.

"राहून गेलं असेल तर?"

"असेलही."

"असेलही काय असेलही! त्या डॉक्टरीणबाईच्या तोंडाला आग लागो, एकेक शब्द तुम्हाला पढवून ठेवलाय." नळाकडे एक पाऊल गेली. थांबली. मग शिवी द्यावी तसा पाय आपटून वळली आणि तरातरा जाऊन जानमाजवर उभी राहिली. ओढणी ओढली, बाह्या खाली केल्या, आणि हात कानांपर्यंत उचलले.

हात उचलताना उजवी बाही जरा मागे सरकली. आणि मनगटाच्या हाडामागे आपाला दिसलं. सरस. डाळीच्या दाण्याएवढा, वाळलेला, चकाकणारा. कोपरं सोलून निघाली होती, नखं झिजली होती, आणि खरा सरस होता तो तिथेच राहिला होता. दुपारी, बाथरूममध्ये जाऊन बसण्याआधी, खाली येऊन तिने एक जाड शब्दकोश शिवून पुरा केला होता, तेव्हाचाच.

आपाचं लहानपण याच घरात गेलेलं. जिभेवर शब्द आलासुद्धा. अब्बांची नखं आठवली, कायम पिवळी. मशिदीच्या इमामसाहेबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, कारागिराच्या नखातला सरस माफ आहे, जा, जमातीत, सगळ्यांबरोबर नमाजला उभा राहा. अब्बा जन्मभर त्याच नखांनी पढले. पण ते नखातलं होतं. मनगटाचं कोणी काही सांगितलं नव्हतं.

शेजारी हालचाल झाली. खालालाही दिसलं होतं. तिची नजर त्या मनगटावर खिळली होती, आणि तिचं तोंड उघडलं. "अगं, तिच्या हाताला—"

पुढचा शब्द निघालाच नाही. अम्मीने आपला हात तिच्या तोंडावर दाबला होता. सगळा पंजा, घट्ट. खाला डोळे फाडून बघत राहिली, धडपडली, अम्मीने सोडलं नाही.

अम्मीलाही दिसलं होतं तर.

आपा पुढे झाली आणि खाला आणि जानमाज यांच्या मधोमध उभी राहिली, पाठ छोटीकडे करून. तिची कानशिलं अजून रागाने ठणकत होती. खालावर, भाईवर, मेलेल्या दादीवर, आणि खरं सांगायचं तर वर बसलेल्या अल्लाहवरसुद्धा. मनातल्या मनात तिने त्यालाच सांगितलं, रागातच सांगितलं. तिला दिसलं नाही. मला दिसलं, आणि मी सांगत नाही. विचारायचं तर मला विचार.

मागे कपड्यांची सळसळ झाली. छोटी कपाळ टेकून सज्द्यात गेली होती.